कोकरू दोनदा हरवलं

जालना,
२८ डिसेंबर २००३

ती. भाऊस,
बेबीनंदाचा नमस्कार.

आम्ही इकडं बरे आहोत. उषावहिनीला आणि पोरांना सांग. फोनच केला असता, पण आष्टीच्या बूथवर तुझ्या मागं चार माणसं उभी असतात आणि तू नुसता ‘हो, हो’ म्हणतोस. म्हणून लिहिते आहे.

परवा आमच्या शाळेत नाताळचा कार्यक्रम झाला. आमच्या शिक्षिकांपैकी एक ख्रिस्ती बाई घरून सीडी घेऊन आल्या होत्या. चित्रांची फिल्म. पोरांना हॉलमध्ये बसवलं, टीव्ही उंच टेबलावर ठेवला. हिरवी टेकडी, पांढरी मेंढरं, आणि त्यात एक काळ्या कानाचं कोकरू. मी भिंतीला टेकून उभी होते. ते कोकरू चिखलात घसरलं आणि पोरं हसली, तशी मी खालीच बसले.

भाऊ, ही तीच फिल्म. माय गेली त्या दिवशी मिशनच्या दवाखान्यात बघितली ती. मी सहा वर्षांची होते, तू अकराचा. खिडक्यांना घोंगड्या बांधून भर दुपारी अंधार केला होता आणि भिंतीवर चादर लावली होती. मला एक बिस्कीट मिळालं होतं. बाकी त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. कोकरू मात्र पक्कं आठवतं. आणि दिवे लागले तेव्हा आबा दारात उभे होते, पटका हातात घेऊन, तेही आठवतं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते विचारते. माझ्या आठवणीत ते कोकरू दोनदा हरवतं. एकदा हरवतं, मेंढपाळ त्याला शोधून खांद्यावर घेऊन येतो. मग ते पुन्हा हरवतं, आणि पुन्हा तो जातो. मला लहानपणी त्याचं फार वाईट वाटायचं, की एवढं आणलं तरी हे परत कसं गेलं. सीडीवर ते एकदाच हरवतं. अकरा मिनिटांत सगळं संपतं. मी सीडी घरी आणून तीनदा लावली. यांनी विचारलं, काय शोधतेस.

तू सगळा वेळ माझ्याजवळ बसला होतास. तुला आठवत असेल. ती फिल्म लांब होती का? की पुढचं मीच मनानं जोडलं?

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय. पण पलीकडच्या खोलीत माय जात होती आणि मी इकडं हसत होते, हे माझ्या डोक्यातून जात नाही. निदान काय बघून हसत होते ते तरी खरं कळावं.

तुझी,
बेबी

आष्टी, ता. परतूर
१२ जानेवारी २००४

चि. बेबीनंदास,
धर्मराजचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. कापसाची तिसरी वेचणी चालू आहे. माणसं मिळून न्हाई राह्यली, म्हणून उषा आन मीच दिवसभर रानात असतो. विहिरीला पाणी बराबर आहे. थोरला सातवीत आहे, अभ्यास काही करत न्हाई.

तू त्या फिल्मचं इचारलं. बेबी, तू ल्हान होतीस. ल्हान लेकराला सगळंच लांबलचक वाटतं. मेंढराच्या फिल्मा मिशनवाल्यांकडं दहा असतील. ही कोणती दुसरी असंल. मी तुझ्या बाजूलाच बसलेलो होतो, शेवटपर्यंत. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून बघत होतीस. एकदा हरवलं का दोनदा, ते मला आता याद न्हाई.

मायचं तुला कितीक डाव सांगितलं. सकाळी तिनं मला आत बोलावलं, दोन शब्द बोलली. दुपारी झोपेतच गेली. तिला काही तरास झाला न्हाई. तू हसत होतीस ह्याच्यात तुझा काय गुन्हा. सहा वर्षांचं लेकरू हसणारच.

सीडी ज्यांची त्यांना परत देऊन टाक. आबाही गेले आता. जुनं उकरून काय निघणार. दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
धर्मराज

जालना,
८ फेब्रुवारी २००४

ती. भाऊस,
नमस्कार.

सीडी परत दिली. देताना बाईंना सहज विचारलं, वीस-बावीस वर्षांपूर्वी दवाखान्यात फिल्म कोण दाखवायचं. त्या म्हणाल्या, शांतवन मास्तर, अजून आहेत. मागच्या रविवारी त्या मला त्यांच्याकडं घेऊन गेल्या.

फार थकलेत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण बोलणं स्पष्ट आहे. मी कोकराचं नाव काढलं तसे हसले.

“ती फिल्म इंग्रजीत होती, बाई. आवाज बंद करायचो आणि बाजूला उभा राहून मीच मराठीत सांगायचो.”

“तिच्यात कोकरू दोनदा हरवतं का, मास्तर?”

“न्हाई. एकदाच. फिल्म तेवढीच होती.” मग म्हणाले, “पण एकदा मी ती लागोपाठ दोनदा लावली होती. मशीन तापायचं म्हणून आम्ही कधी तसं करत नव्हतो. त्या दिवशी केलं. वॉर्डात एक बाळंतीण गेली, आष्टीकडची.”

मी त्यांना सांगितलं नाही की ती माझी माय. ते पुढं सांगू लागले.

“रीळ संपत आलं होतं. एक पोरगा दारात उभा. चपला हातात धरलेल्या. मी खूण केली, आत ये म्हणून. आला न्हाई. तिथूनच म्हणाला, माझी बहीण बघून राह्यली, अजून एकदा लावा. मी म्हटलं, संपली रे आता. तर रडकुंडीला आला. म्हणाला, लावा ना, तिला बाहेर येऊ देऊ नका. मग लावली. तीच गोष्ट परत काय सांगायची, म्हणून दुसऱ्यांदा मी सांगितलं, की हे कोकरू पुन्हा हरवलं. पोरगा तेवढ्यात निघून गेला होता. संध्याकाळी कळलं, ती त्याचीच आई.”

भाऊ, मी चुकले नव्हते. कोकरू दोनदाच हरवलं होतं.

आता तू सांग. तू माझ्याजवळ शेवटपर्यंत बसला होतास, तर दारात कोण होतं? आणि मला बाहेर येऊ देऊ नका, असं तू का म्हणालास?

द्वारकाआत्या माझ्या लग्नापर्यंत सांगत राहिली, “तुझ्या मायनं शेवटाला फक्त धर्माला बोलावलं, तुझं नावसुद्धा घेतलं न्हाई.” तिला वाटायचं, असं सांगितलं की पोरगी मायसाठी रडत बसणार नाही. मी रडले नाहीच. लग्नात मी मायच्या फोटोला नमस्कार केला नाही, हे तू बघितलंस. माझ्याकडं बघत राहिलास आणि अक्षता वाटायला निघून गेलास. ज्या बाईनं जाताना माझं नाव घेतलं नाही, तिच्यापुढं मी का वाकावं, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

तुला काहीतरी माहीत आहे. ते मला लिही. खरं असेल ते.

बेबी

आष्टी,
११ मार्च २००४

सौ. बेबीवन्संना,
उषाचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत न्हाई, चुकलं असंल तर समजून घ्या. तुमचं मागचं पत्र आल्यापासून यांचं ध्यान ठिकाणावर न्हाई. जेवायला बसतात आन ताट तसंच सारतात. रोज सांजच्याला वही घेऊन बसतात, चार ओळी लिहितात, फाडून चुलीत घालतात. मी इचारलं तर म्हणतात, तुला काय करायचं. परवा बैलाच्या अंगावर हात ठेवून उभे होते, मी तीन हाका मारल्या तरी ओ दिली न्हाई.

तुम्ही काय लिहिलं ते मला वाचायला मिळालं न्हाई, पत्र त्यांनी लपवून ठेवलं. वन्सं, जमिनीतल्या हिश्श्याचं असंल तर तसं सांगा. तुमचा हक्क आहे, माझं ना न्हाई. समोरासमोर बसून बोलू. पण त्यांना असं घोर लावून ठेवू नका. त्यांनी तुमच्यासाठी कधी काही कमी केलं न्हाई.

राग मानू नका.

उषा

आष्टी,
४ एप्रिल २००४

बेबी,

ह्या पत्राला आशीर्वाद लिहायचं धाडस होत न्हाई.

मास्तरांनी सांगितलं ते बराबर आहे. दारात मीच होतो.

सगळं पहिल्यापासून लिहितो. बाळ घरीच झालं, मेलेलं. मायचं रगत थांबत नव्हतं. आबांनी बैलगाडीनं परतूरला नेलं, तिथून कापसाच्या ट्रकमधी जालन्याला. आपण दोघं कापसावर बसलेलो होतो. तुला मजा वाटत होती. दवाखान्यात पोचायला उशीर झाल्ता. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन तसं सांगितलं, ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा रगत द्यायला गेल्ते. आपल्याला नर्सबाईंनी फिल्म बघायला बसवलं.

फिल्म सुरू होऊन थोडा वेळ झाला असंल. नर्सबाईंनी मला दारातून बोलावलं. सकाळी न्हाई, बेबी. सकाळी मायनं मला बोलावलंच नव्हतं. ते मी नंतर बनवलं.

मी आत गेलो. माय खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिचे ओठ पांढरे झाल्ते. ती मला बघून पहिलं हेच म्हणाली, “बेबी कुठंय? तिला आण.”

पहिलं तुझंच नाव घेतलं. ह्याच्यापुढचं वाचायचं नसंल तर वाचू नको, पण एवढं वाच.

मी तुला आणायला आलो. दारात उभा राह्यलो. तू पुढच्या ओळीत होतीस, तोंड उघडं, हातात बिस्कीट. ते कोकरू घसरलं आन तू हसलीस. मी हाक मारायला तोंड उघडलं. मारली न्हाई.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो, की तू मायचं तोंड बघून भिली असतीस म्हणून न्हाई नेलं. तेवढंही खरं असंल. पण सगळं खरं ते न्हाई. तू झालीस तव्हापासून मायच्या कुशीला तूच होतीस. मी आबाजवळ झोपायचो. सहा वर्षं मी बाजेवरून बघायचो, माय तुझ्या केसातून हात फिरवत राह्यची. त्या दिवशी खोलीत माय एकटी होती. मला वाटलं, आता तुला नेलं की ती तुझ्याकडंच बघंल. थोडा वेळ तरी माय माझी एकट्याची राहू दे. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, उषालासुद्धा. ती मरणार हे मला माहीत होतं, तरी मी हे केलं.

मंग रीळ संपत आल्यासारखं वाटलं. तू उठून बाहेर येशील म्हणून मास्तरांना पुन्हा लावायला सांगितलं.

परत गेलो. माय म्हणाली, “आली का?”

मी म्हणालो, “झोपलीय.”

ती म्हणाली, “झोपू दे मंग. उठवू नको. उठल्यावर आण.”

मी तिच्याजवळ बसलो. तिनं माझा हात धरला. मला बरं वाटलं, बेबी. ते पण लिहितो, कारण तू खरं लिही म्हणालीस. थोड्या वेळानं डोळे न उघडताच तिनं इचारलं, “उठली का?” मी म्हणालो, “न्हाई अजून.” त्याच्यानंतर तिनं इचारलं न्हाई. आबा आले तव्हा त्यांची बाही वर केलेली होती आन मायचा हात माझ्या हातात गार पडला होता. आबा तसेच तुला आणायला गेले.

घरी आल्यावर आत्यानं इचारलं, “काय बोलली रं तुझी माय? पोरीचं नाव घेतलं का?” मी न्हाई म्हणालो. हो म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, मंग पोरीला का नेलं न्हाई. एकदा न्हाई म्हणालो, मंग दर वर्षी तेच. लग्नात तू फोटोसमोरून तशीच निघून गेलीस, तव्हा मांडवातच सांगणार होतो. वरात दारात होती. मंग म्हणलं, आता संसाराला लागली, कशाला.

मी तुझ्याजवळ कधीच बसलेलो नव्हतो. तू एकटीच बसली होतीस.

धर्मराज

जालना,
१४ सप्टेंबर २००४

भाऊ,

तुझं पत्र येऊन पाच महिने झाले. त्यानंतरची तुझी दोन कार्डंही मिळाली. राखी पाठवायची राहिली असं नाही. आणली होती. पाकिटावर तुझं नाव घातलं आणि पाकीट कपाटात ठेवून दिलं.

माफ केलं असं लिहायला मी तीन-चारदा बसले. यांनीही सांगितलं, मोठा भाऊ आहे, लिहून टाक. लिहिता आलं नाही. तू अकरा वर्षांचा होतास हे मला कळतं. माझ्या वर्गात अकरा वर्षांची पोरं आहेत. त्यांच्याकडं बघते तेव्हा तुझा राग येत नाही, कडेवर घ्यावंसं वाटतं. पण भाऊ, त्यानंतरची बावीस वर्षं तू अकरा वर्षांचा नव्हतास. आत्या बोलायची तेव्हा तू तिथंच असायचास. एकदा जरी मला बाजूला घेऊन म्हणाला असतास, की बेबी, मायनं तुला बोलावलं होतं. का नेलं नाही ते सांगायचीही गरज नव्हती. तेवढ्यावर मी सगळं निभावलं असतं.

तू मायला एक दुपार माझ्यापासून लांब ठेवलंस, ते मी समजू शकते. नंतर तू तिला जन्मभर लांब ठेवलंस. मी तिच्यावर रागावून मोठी झाले. बायका आपल्या आईच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी उठून जायची. मला मुलगी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आईचं नाव ठेव, साळू, काय वाईट आहे. मी म्हणाले, ते नाव घरात नको. हे आता मी कुणाकडं जाऊन परत घेऊ?

जूनमध्ये मी मायचा फोटो मोठा करून आणला. भिंतीवर लावलेला नाही. खूप दिवस त्याच्याकडं बघताच येत नव्हतं. ती दोनदा विचारते आणि मग विचारत नाही, तिथंच मन अडकतं. तिला काय वाटलं असेल, पोरगी झोपली म्हणून वाटलं असेल की येत नाही म्हणून, हे कळायला आता काही मार्ग नाही.

मला तुझ्याकडून एक हवं आहे. त्या दुपारी तू तिच्याजवळ घटकाभर तरी बसला असशील. ती एवढंच बोलली नसेल. आणखी जे बोलली ते सगळं लिहून पाठव. चांगलं, वाईट, कामाचं, बिनकामाचं, काहीच गाळू नको. माझ्यासाठी निवडूही नको. एवढी वर्षं तूच निवडत आलास.

त्यानंतर यायचं का, बोलायचं का, ते मी ठरवीन. आत्ता मला माहीत नाही.

बेबीनंदा

आष्टी,
२६ सप्टेंबर २००४

बेबी,

तुझं पत्र उषाला वाचून दाखवलं. मागचंही सगळं सांगितलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मंग म्हणाली, वन्संनी मागितलं ते जल्दी लिहून पाठवा. तुमचा काय भरवसा, उद्या इसरलात तर.

याद आहे तेवढं बराबर लिहितो. पुढंमागं झालं असंल.

पाणी मागितलं. नर्सबाईंनी बोळ्यानं ओठ ओले करायला सांगितले, मी केले.

म्हणाली, “शेळी कुणी बांधली का? उसात शिरंल.”

म्हणाली, “आबा जेवले का? त्यांना कुणी वाढत न्हाई तर ते मागत न्हाईत.”

बाळाचं इचारलं, “पोरगं होतं का पोरगी?” मला माहीत नव्हतं. मी पोरगी म्हणालो. ती म्हणाली, “बरं झालं गेली ती. पोरीचं लई हाल असतात.” मंग म्हणाली, “बेबीला सांगू नको मी असं म्हणाले.” हे गाळणार होतो. तू निवडू नको म्हणालीस.

मला म्हणाली, “तुला नवीन सदरा घ्यायचा होता, राह्यला.”

आन शेवटाला, ‘उठली का’ इचारलं त्याच्या थोडं आधी, ती तुझ्यावरच बोलत होती. म्हणाली, “ती डावरी आहे. आत्या तिला जेवताना मारंल. धर्मा, तू सांग आत्याला, डाव्या हातानं जेवली म्हणून काही होत न्हाई. तिला मारू देऊ नको.”

मी हो म्हणालो.

तेराव्याला आत्यानं तुझा डावा हात पदरानं कमरेला बांधला आन उजव्या हातात भाकर दिली. तू रडत होतीस. मी चुलीजवळ बसलेलो होतो. मायनं काय सांगितलंय ते मला माहीत होतं. बोललो असतो तर आत्यानं इचारलं असतं, हे कधी म्हणाली रं तुझी माय. मी भाकर खात राह्यलो. तू उजव्या हातानं जेवायला शिकलीस, लिहायलाही. तुझं हे पत्रसुद्धा उजव्या हातानं लिहिलेलं असंल.

ह्याच्यापुढं माझ्याकडं मायचं काही न्हाई. जे होतं ते सगळं आता तुझ्याकडं आहे.

धर्मराज